दसऱ्याच्या दिवशीची किल्ली

आमच्या छोट्या पोलीस ठाण्यातल्या शस्त्रांच्या खोलीची किल्ली वर्षानुवर्षं कॅलेंडरमागच्या खिळ्याला लटकायची. हे सगळ्यांना ठाऊक, चहावाल्यालासुद्धा! माझ्याकडे त्या खोलीचा ताबा आला आणि मी भांडून दाराला दोन कुलपं लावून घेतली. एक किल्ली शिपाई कुलदीपकडे, दुसरी माझ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. रजेवर जायचं तर शस्त्रं मोजून किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची.

माझ्याआधी ती खोली सांभाळणारे जुने हवालदार चिंधूकाका भडकले. "इतके वर्षं मी काय झोपा काढून राहिलो होतो?" त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

मग दसरा जवळ आला. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजा, आणि माझ्या आईला जायचं नागपूरला, दीक्षाभूमीवर. गुडघ्यांमुळे तिला एकटीला जमत नाही आणि माझ्या नोकरीपायी दरवर्षी तिचं जाणं हुकतं. यंदा मी शब्द दिला होता. तिने पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती.

पण सणासुदीला किल्ली घेऊन अडकून कोण पडणार? जो तो अंग काढून घेऊ लागला. माझाच नियम माझ्या अंगाशी आला. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रजा रद्द करायला साहेबांकडे निघाले, तर वाटेत चिंधूकाका उभे.

"आण ते किल्ली."

"काका, तुम्ही?"

"तुह्या मायले घेऊन जाय. पण आधी बंदुका मोजून दे."

दसऱ्याला आईला घेऊन आमच्या सौंसरहून पहाटेची बस धरली. दीक्षाभूमीच्या गर्दीत कुलदीपचा फोन आला. तो कुजबुजत होता.

"करुणाताई, इथं मज्जाच होऊन राहिली! साहेब पूजेचं ताट घेऊन उभे हायेत, अन् काका दारच उघडू देऊन नाही राहिले. म्हणते, एवढ्या गर्दीत बंदुका बाहेर काढाच्या नाही, कुलपाचीच पूजा करा."

"मग साहेब काय म्हणाले?"

"काय म्हणतीन? कुलपालेच हार घातला!"

मागून चिंधूकाका गरजले, "कुलदीप, दाराजवळ फोन नाही!"

हा नियम तर मीही केला नव्हता. मी खो-खो हसत सुटले.

"काय झालं वो?" आईने विचारलं.

"काही नाही, आई. आज परतायची घाई नाही." तिचा हात धरून मी स्तूपाकडे चालू लागले.