पुढच्या खांबापर्यंत

धाकटीने खोक्याचं झाकण काढलं, वरचा पातळ कागद बाजूला सारला आणि बूट सरळ थोरलीच्या हातात दिले.

"उद्या हेच घालणार आहे. बघा ना जाऊबाई, चालतील ना?"

थोरलीने सवयीने बूट उलटा केला, तळावर अंगठा दाबला, टाचेमागची कड वाकवून पाहिली. कड वाकायला तयार नव्हती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून थोरलीच्या बोटांना बारीकसारीक खरखरही कळायची, आणि इथे तर काही शोधावंच लागत नव्हतं. बूट कोरे करकरीत होते. कोरे बूट घालून कोणी बेचाळीस किलोमीटर धावत नाही. आधी पंधरा दिवस ते पायाच्या सवयीचे करायचे, मग शर्यतीला काढायचे. थोरलीला हे तिच्या पहिल्याच शर्यतीत, पायाची दोन नखं गमावून कळलं होतं. सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं.

खुर्चीतून सासूबाई कौतुकाने बघत होत्या. दीर तर स्वतःच धावणार असल्यासारखा खुशीत होता.

"छान आहेत," थोरली म्हणाली आणि बूट परत दिले.

यात खोटं काहीच नव्हतं. बूट छानच होते. ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा एकदा विसळत बसली.

धाकटी या घरात आली तेव्हापासून तिचं सगळंच गोड होतं. तिने केलेली आमटी गोड, तिचा आवाज गोड, औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलणंही गोड. थोरलीचा नवरा, ज्याने कधी बायकोच्या नव्या चष्म्याची दखल घेतली नव्हती, तोसुद्धा म्हणायचा, "धाकटीच्या हाताला चव आहे हं." थोरलीने हे सगळं गिळलं होतं. तिला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं, कारण एक गोष्ट तिची स्वतःची होती. भल्या पहाटे ती बूट चढवून घराबाहेर पडायची, आणि परत येईपर्यंत ती कोणाची सून नव्हती की बायको नव्हती. देवापुढे तिचं मन कधी पाच मिनिटं स्थिरावलं नाही, धावताना स्थिरावायचं. दमून दमून श्वास एका लयीत आला की आपल्याला कोणीतरी सांभाळून नेतंय असं तिला वाटायचं. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. हसले असते सगळे.

मग दोन वर्षांपूर्वी धाकटीचं पोटातलं बाळ गेलं. महिनाभर ती खिडकीशी बसून राहिली. सासूबाईंनी समजावलं, दिराने समजावलं, शेजारणींनी तर समजावून समजावून तिला रडवलं. थोरलीला असलं बोलणं जमत नसे. तिने एका पहाटे आपले जुने बूट धाकटीपुढे ठेवले. दोघींच्या पायाचं माप सारखं होतं. सारखं असं तेवढंच होतं.

"चल. बोलायचं काही नाही," ती म्हणाली होती.

पहिल्याच वळणावर धाकटी रस्त्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, मला नाही जमणार. तेव्हा थोरलीने तिला आपलं गुपित दिलं. वर्षानुवर्षं ती ते मनातल्या मनात घोकत आली होती.

"शेवटाचा विचारच करायचा नाही. पुढच्या खांबापर्यंत जायचं. तिथे पोचलं की मग बघू."

धाकटी उठली. त्या खांबापर्यंत गेली, मग त्याच्या पुढच्या. पुढल्या महिन्यात ती पुन्हा गाणं गुणगुणायला लागली आणि वर्षभरात थोरलीच्या पुढे धावायला लागली. पुढे जाऊन वळणावर थांबायची, जागच्या जागी पाय हलवत वाट बघायची. थोरलीला तिच्या पुढे जाण्यापेक्षा त्या थांबण्याचा जास्त राग यायचा.

आणि ते वाक्य. सकाळी धावणाऱ्या मंडळींत ते आता धाकटीचं म्हणून चालायचं. परवा तर सासूबाई जिना चढताना मधेच थांबल्या, कठड्याला धरून दम घेतला आणि म्हणाल्या, "धाकटी म्हणते ना, पुढच्या खांबापर्यंत." थोरली त्यांच्या मागे भाजीची पिशवी घेऊन उभी होती. ते माझं आहे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वाक्यावर काय नाव घालून ठेवतात?

शर्यतीच्या सकाळी दोघी दिराबरोबर अंधारातच मैदानावर पोचल्या. गर्दीत उभ्या असताना धाकटीच्या बुटाची नाडी सुटली. बोटं गारठली होती, तिला गाठ जमेना.

"थांब," म्हणून थोरली खाली वाकली. तिने दुहेरी गाठ मारली, नाडीची टोकं आत खोचली. तोंड बुटाच्या एवढं जवळ होतं की नव्या रबराचा वास येत होता. अजूनही सांगता आलं असतं. घरून निघताना धाकटीने आपले जुने बूट पिशवीत टाकलेले थोरलीने पाहिले होते आणि पिशवी तिथेच, दिराच्या खांद्यावर होती.

"घट्ट नाही ना झाली?"

"नाही. तुम्ही बांधली म्हणजे झालं," धाकटी म्हणाली.

शिट्टी झाली. धाकटी गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि दिसेनाशी झाली.

थोरली आपल्या चालीने धावत राहिली. श्वास लयीत यायला हवा होता, तो आला नाही. दर वळणावर तिची नजर रस्त्याच्या कडेला जात होती, कोणी बसलंय का ते शोधत. अर्धी शर्यत संपली, कोणी नव्हतं. तिला वाटलं, झालं, नव्या बुटांनीसुद्धा तिच्याशी गोडच वागायचं ठरवलं. मग तिला स्वतःची लाज वाटली, पण ती काही खांब मागे पडेपर्यंतच टिकली.

तिसावा किलोमीटर उलटल्यावर पाण्याच्या टेबलाच्या जरा अलीकडे, फुटपाथच्या कडेवर धाकटी बसलेली दिसली. एक बूट काढलेला होता, मोजा टाचेला चिकटून लाल झाला होता.

थोरलीला आनंद झाला. अगदी खरा, पोटातून वर येणारा आनंद. पाय आपोआप हलके झाले आणि ती तिच्यासमोरून पुढे गेली. टेबलापाशी जाऊन पेला उचलला, एक घोट घेतला. मग पेला तसाच हातात धरून मागे आली.

"औषधाच्या दुकानात काम करतेस आणि साधी पट्टी नाही जवळ?"

"होत्या दोन. दोन्ही गेल्या." धाकटी हसायचा प्रयत्न करत होती. "तुम्ही व्हा पुढे जाऊबाई. आज तुमचा पाय चांगला चाललाय."

"बूट कोरे होते."

"हो ना. दुकानातला म्हणत होता, शर्यतीला लगेच घालू नका, चावतील. मी म्हटलं, आमच्या घरात माणूस आहे विचारायला." तिने मोजा टाचेवरून सोडवायला सुरुवात केली आणि डोळे मिटून घेतले. "तुम्ही हातात घेऊन बघितलेत, काही म्हणाला नाहीत. मग त्याचं कशाला ऐकायचं?"

थोरलीने हातातला पेला कडेवर ठेवला. बाजूने लोक धापा टाकत जात होते. जगात कोणी आपल्यावर इतका भरवसा टाकून आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तरी ती बोलली असती का?

ती फुटपाथवर टेकली आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"हे काय करताय?"

"काढ तो दुसरा. माझे घाल. मऊ झालेत."

"आणि तुम्ही?"

"काढ म्हटलं ना."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. नजर थोरलीच्या चेहऱ्यावरून तिच्या हातांकडे गेली, मग कोऱ्या बुटाकडे, आणि पुन्हा चेहऱ्यावर आली. रुमालाची घडी टाचेवर ठेवून तिने थोरलीचे बूट चढवले, उभी राहिली, दोनदा पाय आपटून पाहिले.

"जा," थोरली म्हणाली. "आणि वळणावर थांबू नकोस."

धाकटी आधी लंगडत गेली, मग चालत, मग धावत. पहिल्या वळणावर ती थांबली नाही. तिची पाठ लहान होत गेली तसा थोरलीला पुन्हा हेवा वाटलाच. तो असा बुटांच्या एका जोडीने जाणारा नव्हता.

कोऱ्या बुटांनी थोडा वेळ दया केली, मग टाचेत दात रुतवले. थोरलीने खाली पाहिलं नाही. पुढच्या खांबापर्यंत, ती पुटपुटली. तिथे पोचल्यावर पुन्हा पुटपुटली. वाक्य कोणाचं आहे याच्याशी त्या टाचेला काही देणंघेणं नव्हतं.

ती पोचली तेव्हा मैदान बरंचसं रिकामं झालं होतं. धाकटी गवतावर बसली होती. शेजारी थोरलीचे जुने बूट जोडीने ठेवलेले होते, नाड्या आत खोचून, घरी दाराशी ठेवतात तसे.

"किती वेळ लागला?" थोरलीने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

धाकटीने सांगितलं. मधे एवढी बसून राहूनही ती थोरलीच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या शर्यतीपेक्षा लवकर आली होती. थोरलीने मान हलवली आणि गवतावर बसून बुटाला हात घातला. गाठ घामाने आवळली होती, बोटांत जोर नव्हता.

"थांबा," म्हणून धाकटी पुढे सरकली. तिने थोरलीचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि नखाने गाठ सैल करायला लागली. थोरलीला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खाली घातलेली मान दिसत होती.

"पुढच्या वेळी," धाकटी गाठीवरून नजर न काढता म्हणाली, "नव्या बुटांचं आधी सांगा."

मैदानावर कोणीतरी दोऱ्या गुंडाळत होतं.

"सांगेन," थोरली म्हणाली.

बूट निघाला. धाकटीने तो बाजूला ठेवला.

"दुसरा पाय द्या."