रुद्रम्माच्या लिंबाखालची लेकरं

"हात पुढं करू नगंस गं बया! लेकरू आपण होऊन आलं तरच नेशील," रुद्रम्मानं एका बाईला दटावलं.

लोहाऱ्याकडच्या वीरभद्राच्या जत्रेत चुकलेली लेकरं तिच्याच कडुलिंबाखाली यायची. वीस वर्षं तिचा एकच कायदा. लेकरू धावत ज्याच्या गळ्यात पडेल, त्याचं ते. तिच्याकडून एकही लेकरू परक्या हाती गेलं नव्हतं, आणि याचा तिला भारी तोरा होता.

निजामाचा तो शेवटचा उन्हाळा. त्या दिवशी लिंबाखाली सात लेकरं होती. चार वर्षांची गौरव्वा तिच्या मांडीवर शेव खात होती. तिची आई गर्दीत चुकली होती. बाप महालिंगप्पा सरहद्दीवरच्या कॅम्पात, निजामाविरुद्ध लढायला गेलेला.

एकाएकी गोळ्या सुटल्या. माणसं माणसांना तुडवत पळाली. निजामाच्या बाजूच्या खाकीतल्या बंदूकवाल्यांनी महालिंगप्पालाच फरफटत लिंबापुढं आणला. लेकीला बघायला चोरून आला आणि घावला बिचारा! तोंडाचा पार चेंदामेंदा झालेला. रुद्रम्माचा कायदा म्होरक्याला ठाऊक होता, मुडदा बशिवला त्याचा!

"बंदुकां कहां छुपाए, नहीं बोलता? इसमें तेरी लडकी होगी तो दौडके आएगी. फिर बोलेगा!"

महालिंगप्पा कण्हला. गौरव्वानं आवाज ओळखला. तिनं हाक मारायच्या आत रुद्रम्मानं तिचं तोंड पदराआड छातीशी दाबलं.

"माजी नात हाय. तापानं फणफणलीय."

पोरीनं तिच्या हाताचा कडाडून चावा घेतला. पोर सोडावी म्हणून म्होरक्यानं बंदुकीचा दस्ता रुद्रम्माच्या खांद्यात घातला. हाड मोडलं. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, पण हात सुटला नाही.

महालिंगप्पानं सगळ्या लेकरांवरून नजर फिरवली. पदरापाशी ती थांबली नाही.

"यात माजं कोनी न्हाय," तो म्हणाला.

बंदूकवाल्यांनी तिथंच त्याला गोळी घातली आणि ते निघून गेले.

रुद्रम्माची मिठी सैल झाली तशी गौरव्वा सुसाट धावली आणि बापाच्या गळ्यात पडली. रुद्रम्मा हंबरडा फोडून रडली.

आई धापा टाकत आली, तरी पोर बापाला सोडीना. तेव्हा रुद्रम्मा उठली. एका धड हातानं तिनं ती चिमुकली बोटं एकेक करून सोडवली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः उचलून लेकरू आईच्या हाती दिलं.