सहा फूट वाट

शाईच्या डबीवर एक मुंगी चढली होती, आणि ती उतरेपर्यंत तरी आपल्याला वेळ आहे असं कोंडिबाला वाटत होतं... पण ग्रामसेवकांनी झाकण उघडलं आणि मुंगी बांधावर झटकली.

"सही झाली, आता अंगठा. जमीन तुमचीच राहणार, कोंडिबा. नदीवर साकव, छोटा पूल होईल, त्यावरून उतरायला सहा फूट वाट, पंचायतीला कायमची. वाचलंत ना?"

तीनदा वाचलं होतं. कुठंतरी मेख असणार म्हणून ओळन् ओळ चाचपली होती, आणि मेख नव्हती, हेच दुखणं. पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतलं आजारी माणूस झोळीत घालून पासली गावाच्या लांबच्या वळशानं न्यावं लागतं, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? त्याच वाडीत रतन दिलेली होती, धाकटी बहीण. नदी भरली की ती तिकडं अडकायची, आणि — माणूस किती हलकट असतो — त्याला बरं वाटायचं.

कारण पूर्वी असाच एक कागद होता. बाप जाऊन महिना झाला नव्हता. "वारसाची नावं लावायचीत" म्हणून त्यानं रतनला एसटीनं तालुक्याला नेलं, आणि कागद होता हक्कसोडीचा. तिचा सगळा वाटा त्यानं असा लिहून घेतला. सातवी शिकलेली रतन, वाचता येत होतं तिला. पोर कडेवर सावरत, सहीला पेन घेत तिनं एवढंच विचारलं होतं, "कुठं?"

आणि आता वाट नेमकी भाताची रोपं करायच्या राबाच्या तुकड्यातून, ज्याला बाप कायम रतनचा तुकडा म्हणायचा... साकव झाला की ती केव्हाही येईल, भाऊबीज नसताना, अशीच, भाकरी बांधून. काही विचारणार नाही. मी कुठं बघू तेव्हा?

पलीकडच्या काठावर काठी टेकून रतन मघापासून उभीच होती.

"दादा," पाण्यावरून तिची हाक आली, "आज लई वाचतुयास की रं."

ती हसत होती का, एवढ्या लांबून कळेना. म्हणजे त्या दिवशी तिनं वाचलं नव्हतं... की वाचूनच सही दिली होती...

"कुठं?" कोंडिबानं ग्रामसेवकांना विचारलं, आणि स्वतःच्याच शब्दानं तो चरकला.

त्यांनी जागा दाखवली. जांभळा अंगठा कागदावर टेकायचा राहिला होता. इतकी वर्षं ती येईल म्हणून भ्यायलेल्या मनात आता दुसरंच शिरलं होतं — साकव झाला, वाट झाली, आणि तरी ती आलीच नाही तर?