आईच्या चौथऱ्यावर ताणलेली साखळी

मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. लोखंडी कड्यांची, दोन्ही टोकांना पितळी मुठी असलेली. मित्रांनो, गंजलेली दिसते म्हणून नाक मुरडू नका. सोन्याच्या साखळ्या गळ्यात मिरवतात, पण त्यांनी कधी समुद्राची वाट शोधून दिली आहे का? मी दिली आहे!

माझा जन्म रे रोडजवळच्या एका लोहाराकडे झाला. तिथून मला गिरगावच्या मनमोहन विजयकरांनी आणलं. ते कचेरीत कारकुनी करत आणि सुट्टीच्या दिवशी जुनी लेणी, देवळं, किल्ले मोजत. दगड कशासाठी रचले ते मापं सांगतात, असं त्यांचं म्हणणं. माझं एक टोक त्यांच्या हाती, दुसरं त्यांच्या पत्नीच्या, यशोदाबाईंच्या. दर खंडेनवमीला यशोदाबाई मला तेल लावून, हळदकुंकू वाहून पुजायच्या. काय ऐट होती माझी!

तेव्हा वरळी कोळीवाड्याच्या टोकाला एक फार जुना दगडी चौथरा होता. मधोमध शेंदूर लावलेली शिळा. कोळी तिला आई म्हणत. चौथरा कोणी बांधला, कशासाठी, कुणालाच ठाऊक नव्हतं. एक विद्वान म्हणे थडगं, दुसरा म्हणे तोफेचा ओटा. समुद्राकडच्या कठड्यात एक खाच होती ना, तिथून तोफ डागत म्हणे! उचलली जीभ, लावली टाळ्याला. अशात सरकारी हुकूम आला, निरुपयोगी दगड आहेत, फोडून भरावाला घाला. कोळीवाड्याच्या तोंडचं पाणी पळालं.

विजयकरांनी थोडी मुदत मागून घेतली. आम्ही चारी बाजू मोजल्या, पायऱ्या मोजल्या, कठडा मोजला. काही उलगडेना. उलगडणार कसं? देवीवरून लोखंड न्यायचं नाही, म्हणून विजयकर मला दरवेळी शिळेला वळसा घालून नेत. मी बिचारी कडेकडेनंच फिरत राहिले.

शेवटी यशोदाबाई वैतागल्या. "अहो, सगळा चौथरा जिच्याभोवती आहे, तेवढीच जागा सोडलीत!"

"देवीला हलवायचं? भलतंच!"

शिळेची पूजा करणारी रखमा कोळीण तिथेच होती. ती म्हणाली, "आईला इचारल्याबिगर हात लावाचा नाय, बाय. कौल लावू. तिनं दिला तर दिला."

शिळेच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळा कोळीवाडा श्वास रोखून उभा.  आणि उजवं फूल पडलं!

कोळ्यांनी आईला अलगद उचलून पाटावर बसवलं. खाली निघाला एक गोल खळगा. त्याचा दगड आगीच्या धगीनं तडकून लाल झालेला. मला त्या खळग्यापासून कठड्यातल्या खाचेपर्यंत ताणलं. यशोदाबाई वाकल्या, माझ्यावरून नजर पुढे सोडली आणि ओरडल्याच, "रखमा, बघ गं!"

माझ्या रेषेत, पाण्यातल्या खडकांच्या बरोबर मधून, होड्यांची घरी यायची वाट होती. थडगं कुठलं नि तोफ कुठली! काळोखात परतणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून कुणीतरी इथे आग पेटवत होतं.

रखमाचा बाप त्याच खडकांवर होडी आपटून गेला होता. तिनं माझ्या मुठीला कुंकू लावलं. "माज्या बापाला ही आग दिसाला पायजे होती," एवढंच म्हणाली आणि रडली. मलाही फार वाईट वाटलं.

विजयकरांनी ही मापं सरकारला दाखवली आणि हुकूम मागे घेतला गेला. आई पुन्हा आपल्या जागी बसली. चौथरा आजही उभा आहे, आणि तो माझ्यामुळे उभा आहे, हे मी छाती फुगवून सांगते.

मी मात्र गिरगावात माळ्यावर पडले. परवा विजयकरांचा पणतू अभिषेक साफसफाई करत होता. मला उचलून म्हणाला, "हे जाऊ दे भंगारात. काही कामाचं नाही." त्यानं पिशवी उघडलीसुद्धा. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तेवढ्यात त्याची मुलगी ओवी म्हणाली, "थांब ना बाबा! पण हे आहे कशासाठी?"

हाच तो प्रश्न, मित्रांनो! ज्याच्यामुळे एक चौथरा वाचला. कुठलीही जुनी वस्तू टाकण्याआधी तुम्हीही तो विचारा, आणि उत्तर शोधताना नुसतं कडेकडेनं फिरू नका.

ओवीनं मला वाडीच्या अंगणात आणून उलगडलं. फ्रॉकच्या टोकानं माझी मूठ पुसली आणि म्हणाली, "बाबा, दुसरं टोक धर."

अभिषेकनं पिशवी खाली ठेवली.