गुरुजींनी नापास केलेली पुस्तकं

वेणीमाधव गुरुजींच्या नाकावरून मी, त्यांचा चष्मा, बोलतोय. माझी भिंगं कुठं घासली गेली ते मला ठाऊक नाही. निकेलच्या तारेत मात्र मी सोलापुरातच बसलो, चौतीस सालच्या उन्हाळ्यात. एक दिवस गुरुजींच्या सूनबाई, लीलाबाई, आमच्या चष्म्याच्या दुकानात आल्या आणि दुकानदाराला घरची अडचण सांगू लागल्या.

गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण गुण देण्याची सवय सुटली नव्हती. भवानी पेठेतल्या वाचनालयातून नाटक, प्रवासवर्णन, घरगुती औषधांचं पुस्तक, मिळेल ते आणायचे आणि वाचून झालं की तिथल्या फळ्यावर दहापैकी गुण लिहायचे. लोक फळा बघूनच पुस्तक मागत.

हल्ली मात्र सगळीच पुस्तकं नापास होत होती. प्रवासवर्णनाला तीन, नाटकाला दोन. गुरुजींचा जुना विद्यार्थी पीरसाब सुताच्या दुकानात कारकून होता. त्यानं विणकरांवर पहिलीच कादंबरी लिहिली, तिला एक गुण. तेव्हापासून तो वाचनालयाकडे फिरकला नव्हता.

"आणि लहान मुलांच्या गोष्टींना नऊ," लीलाबाई म्हणाल्या. "मग माझ्या ध्यानात आलं. ज्याचं अक्षर मोठं, ते पास."

गुरुजींचं वय विचारून दुकानदारानं मला लीलाबाईंच्या हाती दिलं.

घरी गुरुजींनी मला हातही लावला नाही. "माझे डोळे ठणठणीत आहेत, सूनबाई. हल्लीची पुस्तकंच टाकाऊ." मी फडताळात लोणच्याच्या बरणीशेजारी पडून राहिलो.

एका दुपारी लीलाबाई ओसरीवर मोठ्यानं वाचत बसल्या. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते.

"छान लिहिलंय. कुणाचं?"

"पीरसाबचं. तुम्ही एक गुण दिलात ते."

गुरुजींनी डोळे उघडले. मग म्हणाले, "तो चष्मा आण."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या नाकावर बसलो. दिवेलागण झाली तरी त्यांनी पुस्तक खाली ठेवलं नाही. शेवटी मला काढून डोळे पुसले.

"चार ओळी वाचल्या की डोकं दुखायचं, लीला. मला वाटलं, वाचनाची गोडीच मेली. ते सोसेना, म्हणून पुस्तकांना नावं ठेवत होतो."

"मला सांगायचं होतंत, मामंजी."

"भीती वाटायची." ते हसले आणि पुन्हा वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुताच्या दुकानात गेलो. पीरसाब उठून उभा राहिला.

"तुझं पुस्तक वाईट नव्हतं रे. मलाच दिसत नव्हतं. इतक्या बारीक टाइपात का छापलंस?"

"कागद म्हाग हाय की, गुरुजी. थोड्या पानांत बसवायचं हुतं." तो सुताच्या गठ्ठ्यावर टेकला. "मी तर लिवायचंच सोडलं हुतं." त्यानं हळूच विचारलं, "मग किती?"

"आठ. शेवट घाईत उरकलास."

"ते बी खरं हाय," पीरसाब म्हणाला आणि त्यानं मोठा श्वास सोडला. गुरुजींचाही श्वास माझ्या भिंगांवर धुक्यासारखा जमला.

गुरुजींनी फळा पुसून सगळी पुस्तकं पुन्हा वाचायला काढली. प्रवासवर्णनाला सात मिळाले. नाटकाला दुसऱ्यांदाही दोनच.

आता माझ्या भिंगांवर ओरखडे आहेत, एक काडी दोऱ्यानं बांधलेली आहे. पण मी कामात आहे. गुरुजींनी नवं पुस्तक उघडलंय, तेव्हा मला आवरतं घ्यायला हवं. तुमच्या घरात कुणी पुस्तकांवर चिडचिड करत असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला चष्म्याच्या दुकानात घेऊन जा. तिथं माझे भाऊबंद कुणाच्या तरी नाकाची वाट बघत बसले आहेत.