सव्वा मीटर

"पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं या बाईंचा विक्रम कुणाच्या बापाला मोडता आलेला नाही!"

मच्छिंद्र घुले माइक चावून खायच्या बेतात होता. मी मांडवात पहिल्या रांगेत बसले होते, अंगावर शाल घेऊन. एप्रिल महिना, सकाळचे साडेअकरा, कर्वेनगरातल्या शाळेचं उघडंबोडकं मैदान, आणि शाल. सत्कार करणाऱ्यांना ऋतू कळत नाहीत. त्यांना खेळही कळत नाही, पण ते सांगायला कोण जाणार? मागे माझ्या नावाचा फलक लावला होता. 'शकुंतला वडके चषक, थाळीफेक, राज्य विक्रम ४४.३५ मीटर.' खाली माझा एक्क्याऐंशी सालचा फोटो. त्यात मी थाळी धरून अशी उभी आहे की बघणाऱ्याला वाटावं, बाई आता भांडी घासायला बसणार.

मच्छिंद्र आमच्या जिल्हा संघटनेचा अध्यक्ष. अध्यक्ष व्हायला लागणारे सगळे गुण त्याच्यात आहेत. आवाज मोठा, लाज कमी. दरवर्षी या स्पर्धेला तो मला बोलावतो, नारळ देतो आणि दरवर्षी माझं वय एक वर्षानं वाढवून सांगतो. मीही दरवर्षी जाते. माझ्यासारखी निर्लज्ज मीच.

"आणि आज," तो ओरडला, "कमरजहां शेख हिची शेवटची फेक! बघू या, आपल्या ताईंचा विक्रम टिकतो का!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विक्रम टिकावा म्हणून की मोडावा म्हणून, ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

कमर वर्तुळाबाहेर उभी राहून फडक्यानं थाळी पुसत होती. चोवीस वर्षांची पोर, खांदे रुंद, बोलणं कमी. बाप कसबा पेठेत शिलाई मशिनं दुरुस्त करतो. माझं माहेरही तिथलंच, तांबट आळीतलं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिचा बाप मेहबूब तिला घेऊन माझ्या दारात आला. म्हणाला, "बाई, हिला तुमच्या हाताखाली घ्या." मी म्हटलं, माझ्या हातात आता संधिवात आहे, त्याखाली काय घेऊ? तरी ती दर रविवारी येत राहिली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी खडूनं वर्तुळ काढायची आणि ती त्यात पाय फिरवायची. वॉचमन कुरकुरायचा. मी त्याला दोन शब्द ऐकवले की गप्प बसायचा.

जूनमध्ये कमरला पंचवीस पूर्ण होतात. मग खेळाडूंच्या राखीव नोकरीची वयोमर्यादा संपते. अर्जाला संघटनेचं शिफारसपत्र लागतं, आणि ते मिळतं फक्त राज्य विक्रम मोडणाऱ्याला. हा नियम मच्छिंद्रनं केला. माझ्या सन्मानार्थ! तेव्हा मी मान डोलावली होती.

कमर वर्तुळात शिरली. वाकली, हात मागे नेला, दीड गिरकी घेतली आणि थाळी सुटली. सुटली तेव्हाच मला कळलं. वीस वर्षं बँकेत चेकवर शिक्के मारून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तरी ते कळणं जात नाही. थाळी सपाट गेली, जराही न थरथरता, आणि दूर जाऊन मातीत रुतली.

दोन पंच टेप घेऊन धावले. आकडा आला, त्रेचाळीस पूर्णांक बासष्ट.

"अरेरे! थोडक्यात हुकलं!" मच्छिंद्र माइकवर किंचाळला. "ताईंचा विक्रम अबाधित! जोरदार टाळ्या!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. लोक माझ्याकडे बघून हसत होते. कमर वर्तुळातच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात तक्रार नव्हती, उलट माफी होती. जणू मला दिलेला शब्द तिनं मोडला.  हिनं माझी माफी मागायची?

आता खरं सांगते.

थाळीफेकीचं वर्तुळ अडीच मीटर रुंद असतं. थाळी पडते तिथं टेपेचं शून्य धरतात. टेप ओढत आणून वर्तुळाच्या मध्यावर टेकवतात, पण आकडा वाचतात तो पुढच्या लोखंडी कड्याच्या आतल्या काठावर. मध्यावर नाही. मध्यावर वाचला तर फेक सव्वा मीटरनं वाढते, अंगात कसलीही ताकद न लावता.

एक्क्याऐंशी साली माझी फेक मोजायला मच्छिंद्र होता. तेव्हा तो संघटनेत नुकता चिकटलेला, कुणाचा तरी मेहुणा म्हणून. त्यानं टेप मध्यावर धरली आणि तिथंच वाचली. चव्वेचाळीस पस्तीस! मला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. सगळे गेल्यावर माझे गुरू गेनबा मास्तर आपली टेप घेऊन आले. थाळीचा खड्डा अजून होता. त्यांनी मोजलं, दोनदा मोजलं.

"त्रेचाळीस धा हाय, शकू. सव्वा मीटर जास्तीचं लिवलंय त्या गाढवानं."

"मग सांगू या ना, मास्तर."

मास्तर बराच वेळ टेप गुंडाळत बसले. "नोकरी लागंल तुला. मिळतंय ते घे."

मी घेतलं. बँकेत नोकरी लागली, पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिरात निवड झाली. तिथं मी फेकायची आणि थाळी बेचाळीस-त्रेचाळीसवर पडायची. सगळे म्हणायचे, वडकेचा फॉर्म गेला. कुणी खुराक बदलला, कुणी नवस बोललं. आमचे श्रीधरपंत, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, लग्न मानवलं नाही हिला. अहो, फॉर्म जायला आधी यावा लागतो! मी जन्मभर तेवढंच फेकत होते. दोन वर्षांनी शिबिरातून नाव कापलं, तेव्हा रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

आणि तोच आकडा समोर ठेवून आठ महिने मी या पोरीला सांगत होते, "कंबर फिरव, अजून मीटरभर हवंय." तिनं एकदा विचारलं होतं, "बाई, तुमची एवढी लांब कशी गेली?" मी म्हटलं, "त्या दिवशी वारा चांगला होता." कीव येते मला माझी. छे, कीवसुद्धा नाही, किळस येते.

मी उठले. शाल खुर्चीवर टाकली आणि मैदानात गेले. गुडघे दुखत होते. मांडवातल्यांना वाटलं, ताई पोरीच्या पाठीवर थाप मारायला निघाल्या. पुन्हा टाळ्या!

"टेप काढू नका," मी पंचांना म्हटलं. "आता मध्यावर वाचा."

"मॅडम, मध्यावर नाही वाचत," तो तरुण पंच म्हणाला. बिचाऱ्याला नियम येत होता.

"माहीत आहे. तरी वाचा."

"चव्वेचाळीस सत्त्याऐंशी."

मच्छिंद्र धावत आला, हातात माइक तसाच. "ताई, काय चाललंय? तिथं वाचत नाहीत."

"बरोबर. पण एक्क्याऐंशी साली तू तिथंच वाचलं होतंस. माझी फेक त्रेचाळीस दहाची. मोडला हिनं माझा विक्रम."

माइक चालू होता.  मांडवातून एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "वा! केवढं मोठं मन!" आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. काय करावं या माणसांचं? मी चोरी कबूल करत होते, आणि ते माझं औदार्य बघत होते. एक बाई तर डोळे पुसत होत्या.

मच्छिंद्रनं माइक बंद केला आणि मला बाजूला घेतलं. चेहरा घामानं थबथबला होता. "ताई, ऊन लागलंय तुम्हाला. सरबत घ्या."

"सरबत तू घे. तुला जास्त गरज आहे."

"पंचवीस वर्षांनी? अहो, तुमची नोकरी झाली, पेन्शन चालू आहे. कशाला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेताय? आणि माझ्याही?"

"तुझ्या तोंडाला मी काय फासणार? जागा कुठं शिल्लक आहे?"

त्यानं कपाळ पुसलं. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. हा माणूस विचार करतो तेव्हा मला नेहमी भीती वाटते.

"असं करू," तो म्हणाला, "पोरीचंही काम होईल, तुमचंही नाव राहील. तुम्ही वाचलंत तसंच लिहू. चव्वेचाळीस सत्त्याऐंशी. नवा विक्रम! आज संध्याकाळी शिफारसपत्र देतो. कोण बघायला येतंय?"

कमर थाळी उचलून आणून शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि काय सांगू, माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं, 'मिळतंय ते घे.' मी ते गिळलं. पण तोंड उघडून 'नको घेऊस' म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही. जून जवळ होता.

"तुम्हाला माहीत होतं, बाई?" तिनं विचारलं. "आठ महिने?"

"पंचवीस वर्षं."

 ती थाळीवर चिकटलेली माती अंगठ्यानं खरवडत राहिली. मग मच्छिंद्रला म्हणाली, "सर, त्रेचाळीस बासष्टच लिहा."

"अगं वेडे, नोकरी जाईल!"

"आणि पुढं कुठं फेकायला पाठवलंत तर? तिथं त्रेचाळीस पडल्यावर काय सांगू? फॉर्म गेला?"

ते शब्द माझेच. पतियाळाची गोष्ट मीच तिला चहा पिताना रंगवून सांगितली होती, माझ्या दुर्दैवाची गोष्ट म्हणून.  मी पंचांच्या टेबलाशी जाऊन बसले.

टेबलावर निकालपत्रक होतं. आमच्याकडे रिवाज असा की पत्रकावर प्रमुख पाहुण्यांची सही झाल्याशिवाय ते पक्कं होत नाही. खाली कार्बन घालून तीन प्रती निघतात. एक संघटनेला, एक वरच्या, म्हणजे राज्य संघटनेच्या कचेरीला, एक खेळाडूला. दरवर्षी मी न वाचता सही करते. या वेळी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'कमरजहां मेहबूब शेख, ४३.६२, नवा विक्रम. जुनी फेक प्रत्यक्षात ४३.१०. मोजणीत चूक झाली. मला त्याच दिवशी माहीत होती.' शेवटचं वाक्य लिहिताना पेन अडखळलं. मग दाबून लिहिलं, तिन्ही प्रतींवर उमटेल असं. खाली सही केली.

मच्छिंद्रनं वाचलं. "हे मी वर पाठवणार नाही."

"नको पाठवूस. तिसरी प्रत आहे ना. मी स्वतः घेऊन जाईन वर. मला पेन्शन आहे, वेळच वेळ आहे."

तो मला काहीतरी वाईट बोलला. काय ते लिहीत नाही, पण पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्याशी खरं बोलला.

मांडव रिकामा होऊ लागला होता. दोन गड्यांनी माझा फलक उतरवला आणि गुंडाळून टेंपोत टाकला. "नीट ठेवा रे," मच्छिंद्र तिकडं ओरडला, "पुढच्या वर्षी लागेल."

कमरनं तिसरी प्रत वाचली. सावकाश, प्रत्येक अक्षर. मग घडी करून पिशवीत ठेवली. माझ्या पायाशी वाकली नाही, नेहमी वाकायची. मला ते बरं वाटलं. लागलंही.

"उद्या कचेरी दहाला उघडते," मी म्हटलं. "मी येते बरोबर."

"या," ती म्हणाली. "मी काही बोलणार नाही. तुम्हीच सांगायचं."

"मीच सांगेन."

तिची थाळी टेबलावर पडली होती, मातीनं माखलेली. तिचं फडकं कुठंतरी राहिलं होतं. मी खुर्चीवरची शाल ओढली आणि थाळी पुसू लागले. आधी कडा, मग दोन्ही बाजू. जरीत माती भरली. कमर उन्हात उभी राहून वाट बघत होती. थाळी स्वच्छ झाल्यावर मी ती पुढं केली. तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि पिशवीत, कागदाला लागणार नाही अशी, बाजूला ठेवली.