अकरा नंबरची सुई

गुलमंडीच्या बाजारातनं आणलेली रबरी पाल मी आमच्या वॉर्डातल्या प्रत्येकाच्या जेवणाच्या डब्यात एकदा तरी सोडलीय. तीस वर्षं वॉर्डबॉय हाये, थोडी गंमत नको व्हय? फक्त इन्चार्ज संध्या सिस्टरच्या डब्याला हात लावायची छाती झाली नाय. बाई लई कडक.

त्या सकाळी आमची झाडूवाली कडूबाई वापरलेल्या कापूस-पट्ट्यांची पिवळी पिशवी उचलत होती. एकदम "आई गं!" म्हणली अन् बोट पदरात लपवलं.

"काय झालं गं?"

"काय नाय. तुम्ही तुमचं काम करा."

हातमोज्याला भोक अन् भोकातनं रक्त. पिशवीतनं सुई डोकावत होती. सुई खरं तर पांढऱ्या कडक डब्यात पाहिजे.

"कुणाला सांगू नका, पुंजारामभाऊ. मी ठेक्यावरची. ठेकेदार म्हणंल, हिला काम जमत नाय, उद्यापासून घरी बस."

"अन् त्या सुईतनं रोगबिग आला मंग?"

ती बोट दाबून रक्त काढाया लागली. तेवढ्यात संध्या सिस्टर आल्या.

"दाबू नका मावशी!" हात धरून नळाखाली नेला, साबण लावला. "रोग लागू नये म्हणून गोळी लवकर सुरू करायची, तास-दोन तासांत. रजिस्टरला नाव लिहू. पण सुई कुठल्या पेशंटची? कुणी टाकली?"

शिकाऊ डॉक्टर अभय पंख्याकडं बघाया लागला.

"नाव लिहायचं असंल तर मला गोळीच नको," कडूबाई म्हणली.

मला वाटलं, कुणी तरी अंगावर घेतलं की मिटंल. थापा मारण्यात आपला हात कोण धरतो?

"मीच टाकली सिस्टर. बेड नऊची."

"मामा, नऊला आज सुई लागलीच नाही. तुमचं ऐकून मी नऊचं रक्त तपासलं असतं, तर मावशींचं काय झालं असतं?"

मी दोन्ही कान धरले.

सिस्टरनी आपल्या सुया-कापसाच्या ट्रेकडं बघितलं. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बेड अकराचं रक्त मी काढलं. तेवढ्यात तीन नंबरला झटका आला, मी पळाले. सुई कापसाखाली राहिली, अन् मीच सगळं उचलून पिशवीत टाकलं."

रजिस्टर ओढलं अन् स्वतःच्या हातानं लिहिलं, चूक माझी. मेट्रनला फोन पण स्वतःच लावला. मी तीस वर्षं साहेब लोक बघतोय. चूक खालच्याच्या गळ्यात घालायची, ही त्यांची जुनी खोड. असं माणूस नाय बघितलं, खरं सांगतो.

कडूबाई टक लावून बघत होती.

"तुमचं नाव लिवलं ना बाई? मंग माझं बी लिवा. आणा ती गोळी."

अकराचं रक्त तपासाया गेलं. दुपारी सिस्टरनं कडूबाईला कोपऱ्यात नेऊन कानात काय तरी सांगितलं. काय ते मला नाय कळलं, पण कडूबाई मटकन खालीच बसली, हात जोडले अन् खदखदा हसाया लागली.

मग उठून त्याच बोटानं सिस्टरला दटावलं, "आता तुमचा ट्रे रोज मी बघणार हां!"

"बघा मावशी," सिस्टर म्हणाल्या, अन् खरंच ट्रे तिच्यापुढं धरला.